कुकरात पोर्क रिब्स: हाडाजवळ चिवट, बुडाला करपलेला सॉस, चुकतंय कुठं?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. बार्बेक्यू पद्धतीच्या पोर्क रिब्स कुकरात शिजवून मग शेगडीवर भाजायच्या आहेत. ओव्हन चार-पाच तास चालेल एवढा विजेचा भरवसा इकडं नाही, म्हणून कुकर.

केलं ते असं. १ किलो २०० ग्रॅमची अख्खी पट्टी, कोल्ड स्टोरेजची. तिचे चार तुकडे करून मीठ, तिखट, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवले. ५ लिटरचा साधा जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) शिट्टीवाला कुकर. त्यात तुकडे, एक वाटी पाणी, वरून बाजारचा बार्बेक्यू सॉस दीड वाटी. मोठ्या आचेवर ६ शिट्ट्या आणि झाकणावर नळाचं पाणी सोडून लगेच उघडला.

निघालं काय? वरचं मांस कोरडं, हाडाजवळचं रबरासारखं. आतल्या बाजूला प्लास्टिकसारखा एक थर, तो दाताला लागतो. सॉस बुडाला काळा धरला आणि रस्सा कडू झाला. शेगडीवर टाकल्यावर अंगाचा सॉसही पाच मिनिटांत जळाला.

तर शिट्ट्या किती घ्याव्यात, सॉस कधी घालावा, आणि तो थर कसला? पपई लावली तर लवकर मऊ पडेल का?

---

शेगडी_चिमटा (छत्रपती संभाजीनगर)

दादा, मऊ करणं हे कुकरचं काम आणि रंग-चव चढवणं हे निखाऱ्याचं. तुम्ही दोन्ही एकाच भांड्यात करायला गेलात, तिथंच सगळं बिघडलं.

आधी तो थर. बरगड्यांच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला पांढरट चकचकीत पापुद्रा असतो. तो कितीही शिजवा, चावला जात नाही. शिवाय मीठ-मसाला आत जाऊ देत नाही आणि आटताना पट्टी वाकडी करतो. पट्टीच्या अरुंद टोकाच्या हाडावर चमच्याची दांडी पापुद्र्याखाली घालून तो थोडा उचला. मग कोरड्या फडक्यात धरून ओढा, हातानं धरला तर निसटतो. बहुतेक वेळा एका ओढीत निघतो. फाटला तर मधल्या हाडापासून पुन्हा सुरू करा. अजिबात निघेना तर सुरीनं दर बोटभर अंतरावर तिरप्या चिरा द्या, तेवढ्यानंही बरंच भागतं. कधी कधी तो आधीच काढलेला असतो, तेव्हा आधी नखानं चाचपून बघा. नाहीतर खालचं मांसच सोलून निघायचं.

आता शिट्ट्या. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. मोठ्या आचेवर मिनिट-दीड मिनिटाला एक शिट्टी होते, म्हणजे तुमच्या सहा शिट्ट्या फार तर दहा मिनिटांत संपल्या. तेवढ्यात बोकडाचं कोवळं मटण होईल, डुकराची बरगडी होणार नाही. हाडाला धरून असलेल्या शिरा आणि पडदे कोलॅजनचे असतात. ते उष्णता आणि वेळ दोन्ही मिळाल्यावर विरघळतात आणि त्यांचा चिकट जिलेटिन होतो. पाया सूप थंड झाल्यावर जे थिजतं, तेच हे. कुकरात वाफेचा दाब साधारण १ किलो दर चौरस सेंटिमीटर असतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून उघड्या भांड्यात दोन-अडीच तास घेणारं काम अर्ध्या तासात होतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यानं एखाद्या अंशाचा फरक पडतो. तो सोडून द्या.

पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या. मग गॅस अगदी बारीक करा, इतका की शिट्टीचं वजन नुसतं सुस्कारे टाकत राहील, आणि तिथून घड्याळ लावा:

- पाठीकडच्या आखूड, वाकड्या बरगड्या (पाकिटावर 'बेबी बॅक' असतं): १६ ते १८ मिनिटं
- पोटाकडच्या लांब, चपट्या, चरबीच्या बरगड्या ('स्पेअर रिब्स'): २२ ते २५ मिनिटं
- गावठी, वयस्क जनावर: ३० ते ३५ मिनिटं

हे गॅसवरच्या शिट्टीवाल्या कुकरचं झालं. इलेक्ट्रिक कुकरात दाब सहसा थोडा कमी असतो, पाच-सात मिनिटं वाढवा.

गॅस बंद केल्यावर १५ मिनिटं हात लावू नका. नळाचं पाणी सोडलंत ना, तिथं मांस कोरडं पडलं. दाब एकदम उतरला की मांसातलं १०० अंशांवरचं पाणी जागेवरच खदखदून वाफ होतं आणि बाहेर फेकलं जातं, तंतू आवळतात. वजन उचलल्यावर फुस्स आवाज आला नाही की उघडा. त्यानंतरही तुकडे दहा मिनिटं त्याच पाण्यात राहू द्या.

पाणी ३०० मिली, बस. सॉस कुकरात एक चमचाही नको. दाट आणि गोड पदार्थ बुडाला फिरत नाही, जागेवर बसतो आणि पाण्याची वाफ व्हायच्या आधी त्यातली साखर जळते. तुमचा कडवटपणा तोच. कुकरबरोबर आलेली भोकांची ताटली तळाला ठेवा, तीन-तीन हाडांचे तुकडे करा आणि भिंतीला टेकवून उभे लावा, हाडाची बाजू आतल्या अंगाला. ५ लिटरच्या कुकरात सव्वा किलोपर्यंत आरामात बसतं. झाकणाला मांस टेकता कामा नये.

मिठाचं: १ किलो २०० ग्रॅम हाडासकट मांसाला १५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट अडीच लहान चमचे. त्यात काश्मिरी तिखट १० ग्रॅम, भरडलेली मिरी ३ ग्रॅम, धणे-जिरे पूड ५ ग्रॅम. चोळून फ्रिजमध्ये आठ ते बारा तास. अर्ध्या तासात मीठ पृष्ठभागाखाली फारसं जात नाही, त्यामुळं वर खारट आणि आत अळणी लागतं. ओलं आलं-लसूण वाटण लावायचंच असेल तर कमी लावा, ते पाण्यात उतरून जातं. पाकीट गोठलेलं असेल तर आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण वितळवा. मधे बर्फ राहिला तर बाहेर लगदा आणि आत चिवट.

पपई नको. पपईतलं पपेन वरच्या दोन-तीन मिलिमीटरांतच काम करतं. हाडाजवळ पोचत नाही, आणि वरचा थर मात्र पिठूळ करून टाकतं. सुक्या कबाबाला ठीक आहे. कुकरात जाणाऱ्या मांसाला कशाला?

---

जर्मनचं_भगुलं (नांदेड)

वरच्या दादांचं बरोबर आहे. थोडी कुकरची बाजू मांडते.

डुकराच्या बरगडीतून चरबी पुष्कळ सुटते आणि ती पाण्यावर तरंगते. आच मोठी राहिली तर फेसासकट वर चढते आणि शिट्टीच्या नळीत जाते. थंड झाली की आत थिजते. पुढच्या वेळी तुम्ही वरण लावता, नळी अर्धी बंद असते आणि शिट्टी होत नाही. म्हणून रिब्स झाल्या की वजन आणि नळी गरम पाणी-साबणानं धुवायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. रबरही काढून धुवा. चरबी लागून राहिलेलं रबर फुगतं, लवकर सैल पडतं, मग कडेनं वाफ जाते आणि दाब चढत नाही. शिट्टी व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला की आधी रबरच बघायचं.

पाणी ३०० मिली म्हटलंय ते बारीक आचेला पुरतं. कोणी आच मोठीच ठेवली आणि वर पंचवीस मिनिटं लावली, तर शिट्ट्यांवाटे सगळं पाणी उडून जाईल. मग सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळेल आणि स्वयंपाकघरभर चरबीचा फवारा. तसला व्हॉल्व्ह उडाला तर कंपनीचाच नवा घ्यायचा, खिळा-बिळा ठोकून भागवायचं नाही. बारीक आच जमत नसेल तर गॅसच्या लहान बर्नरवर ठेवा.

जर्मनच्या कुकरात व्हिनेगर, चिंच, टोमॅटो घालून शिजवू नका. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो आणि रश्श्याला धातूसारखी चव येते. आंबट घालायचंच असेल तर स्टीलचा किंवा हार्ड ॲनोडाइज्ड कुकर घ्या. नाहीतर मांस स्टीलच्या डब्यात ठेवून, डबा कुकरात, आणि वेळ सहा-सात मिनिटं जास्त. डब्याचं झाकण नुसतं ठेवा, दाबून बसवू नका. झाकण आतून लागणारा कुकर असो की बाहेरून लागणारा, शिजायची वेळ तीच. दाब वजनावर ठरतो, झाकणावर नाही.

जाता जाता एक गंमत. कुकरचा खापरपणजोबा १६७९ साली देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये दाखवला, आणि तो भाजी-भातासाठी नव्हता, हाडं मऊ करण्यासाठी होता. वाफ सोडणारी झडप त्यानंच बसवली. पापँ आणि पपईतलं पपेन यांचं नातं काही नाही बरं.

---

गोदाकाठ (परभणी)

बरंच उमगलं. कुकर जर्मनचाच आहे, तेव्हा आंबट बाहेरच.

आता पुढचं. सॉस घरी करायचा तर प्रमाण सांगा. इकडं काकवी सहज मिळते, ती चालेल का? कुकरातलं पाणी फेकायचं की वापरायचं? आणि शेगडीवर सॉस जळू नये म्हणून काय करावं?

---

लसूणपाकळी (लातूर)

काकवी चालेल काय, काकवीच घाला. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या पद्धतीचा जो दाट, गोड, लाल-काळा सॉस असतो, त्यात टोमॅटोबरोबर मोलॅसिस असतं. ते साखर काढून उरलेलं असल्यानं कडसर लागतं. काकवी त्यापेक्षा गोड आणि सौम्य, पण उसाचा तोच वास. कॅरोलायनाकडं मात्र व्हिनेगरचा पातळ, तिखट सॉस चालतो, काही भागात मोहरीचा. तेव्हा 'बार्बेक्यू सॉस म्हणजे गोडच' असं काही नाही.

सव्वा किलो रिब्सला पुरेल एवढं:

पिकलेले टोमॅटो ५०० ग्रॅम, कांदा १ मध्यम, लसूण ८ पाकळ्या, काकवी ४ मोठे चमचे (नसली तर गूळ ७० ग्रॅम), साधं पांढरं व्हिनेगर ४ मोठे चमचे, ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड दीड मोठा चमचा, मोहरीची पूड १ लहान चमचा, मिरपूड अर्धा लहान चमचा, जिरेपूड अर्धा, घरचा काळा मसाला १ लहान चमचा. मीठ सध्या नाही.

स्टीलच्या भगुल्यात एक मोठा चमचा तेलावर कांदा कडेनं लाल होईपर्यंत परता. लसूण टाका, अर्ध्या मिनिटानं मिरचीपूड आणि लगेच टोमॅटो. मिरचीपूड तेलात एकटी राहिली की दहा सेकंदांत काळी पडते आणि सॉस जन्मापासून कडू. झाकून १० मिनिटं, मग मिक्सरमधून काढून गाळा. बिया आणि साली राहिल्या तर निखाऱ्यावर आधी त्याच जळतात. गाळलेलं परत चुलीवर, त्यात काकवी, व्हिनेगर, मोहरी, मिरी, जिरे, आणि कुकरातलं पाणी १५० मिली.

ते पाणी अजिबात फेकू नका. पण चरबी काढा. कुकर उघडल्यावर पाणी उंच पेल्यात ओता, दहा मिनिटांत चरबी वर येते, पळीनं काढून घ्या. घाई नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, वरची चरबी पापडासारखी निघते आणि खाली थलथलीत जेली उरते. त्या जेलीनं सॉसला अशी चकाकी आणि चिकटपणा येतो की मैदा-कॉर्नफ्लोअर लागत नाही. त्यात मीठ आहेच आणि आटल्यावर वाढणार आहे. म्हणून मीठ अगदी शेवटी, चव बघून.

मंद आचेवर २० ते २५ मिनिटं आटवा. पळीच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ तशीच राहिली पाहिजे. उतरवताना काळा मसाला. आधी घातला तर दगडफुलाचा वास उडून जातो आणि नुसती कडवट छटा उरते. साधारण ३०० मिली होईल. थंड झाल्यावर आणखी दाट होतो, तेव्हा थोडा पातळच उतरवा.

येसर घालायचा मोह होईल, आपल्याकडं डबा भरलेलाच असतो. नका घालू. त्यात भाजलेली धान्यं-डाळी असतात, सॉस आमटीसारखा दाटतो आणि भाजताना पिठाचा करपट थर धरतो. व्हिनेगरऐवजी चिंचेचा कोळ (२ मोठे चमचे दाट) छान लागतो, पण मग काकवी अर्धा चमचा वाढवा.

---

बाभळीचा_कोळसा (बीड)

भाजायचं माझ्याकडं.

मूळ गोष्ट अशी की कुकरातून निघालेलं मांस शिजलेलं असतं, निखाऱ्यावर ते शिजवायचं नाही. फक्त वरचा थर वाळवायचा, लाल करायचा आणि सॉस चिकटवायचा. एकूण १२ ते १५ मिनिटांचं काम. कुकरात १२० अंश असले तरी सगळं ओलं असतं, म्हणून रंग येत नाही. खमंग लाली यायला पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर जावा लागतो. तेव्हा तुकडे पाण्यातून काढले की कागदानं किंवा फडक्यानं हलकेच टिपा आणि जाळीवर २० मिनिटं उघडे ठेवा. ओल्या तुकड्यावर सॉस फासला की घसरून निखाऱ्यात पडतो आणि धूर नुसता साखरेचा होतो.

कोळसा बाभळीचा घ्या. जड असतो, टिकतो, ठिणग्या कमी. पेटवायला रॉकेल किंवा डिझेल नको, वास मांसात बसतो. तुराट्या चांगल्या पेट धरतात. पऱ्हाट्या टाळा, कपाशीवर फवारण्या झालेल्या असतात. वॉर्निश-रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड तर अजिबात नको. २५ ते ३० मिनिटांत कोळशावर राखाडी साय धरते, तोवर जाळीवर काही ठेवू नका. मग जाळीपासून चार बोटं वर तळहात धरा. चार-पाच सेकंद धरवला तर सॉससाठी बरोबर. दोन सेकंदांत हात काढावा लागला तर आच जास्त आहे, कोळसे पांगवा. जाळी आणि निखारा यांत १० ते १२ सेंटिमीटर अंतर ठेवा.

कोळसे सगळे एका बाजूला सारा. तुकडे आधी मोकळ्या बाजूला, सॉस न लावता, हाडाची बाजू खाली, ५ मिनिटं. मग ब्रशनं सॉसचा पातळ हात, पालटा, निखाऱ्याच्या बाजूला २ मिनिटं, पुन्हा हात, पुन्हा पालटा. असे तीन हात. एकदम जाड थर दिला की बाहेरचा जळतो आणि आतला कच्चाच घसरतो, तुमचं तेच झालं. काकवी-गुळातली साखर १६० अंशांच्या पुढं काळवंडायला लागते आणि निखाऱ्यावर ते मिनिटभरात होतं. चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. तुकडे मोकळ्या बाजूला सरकवले की ज्वाळा आपोआप बसतात. कुकरात बरीच चरबी आधीच निघून गेलेली असते म्हणून हा त्रास तसा कमीच.

धुराबद्दल खोटी आशा ठेवू नका. अमेरिकेत ११० ते १३० अंशांवर पाच-सहा तास लाकडाच्या धुरात ठेवतात. त्यानं मांसाच्या कडेला गुलाबी वर्तुळ येतं. ते कुकरातल्या मांसाला येणार नाही, कारण आतला रंगद्रव्य-प्रथिन आधीच शिजून बसलेलं असतं. वास मात्र आणता येतो. धूर थंड आणि किंचित दमट पृष्ठभागावर जास्त बसतो. म्हणून टिपलेले तुकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग जाळीवर घ्या, आणि आंब्याच्या किंवा चिंचेच्या वाळल्या लाकडाचे दोन-तीन ढलपे निखाऱ्यावर टाकून वरून घमेलं पालथं घाला. दहा मिनिटं पुरे.

शेगडीच नसेल तर धुंगार द्या. भगुल्यात तुकडे, मधे वाटीत पेटता कोळसा, त्यावर अर्धा चमचा चरबी, झाकण ४ मिनिटं. दहा मिनिटं ठेवलं तर काजळीची चव येते.

---

शेगडी_चिमटा (छत्रपती संभाजीनगर)

फ्रिजमधून थेट जाळीवर? बीडकर, आतून गार राहतात हो. बाहेरचा सॉस लागतो आणि हाडाजवळ थंडगार.

---

बाभळीचा_कोळसा (बीड)

म्हणून तर पहिली दहा मिनिटं घमेल्याखाली, निखाऱ्यापासून लांब. सॉस त्यानंतर. तेवढ्यात आतपर्यंत ऊब पोचते. घमेलं नसेल तर फ्रिज सोडा, तुमचंच खरं.

ओव्हन असणाऱ्यांनी ओटीजी २२० अंशांवर तापवावा, फक्त वरची कांडी चालू, तुकडे तिच्यापासून वीतभर खाली. तीन हात, प्रत्येकी ४ मिनिटं. खाली ट्रेला फॉइल घाला, नाहीतर ट्रे घासताना रिब्सची आठवण राहील.

---

पाटावरवंटा (धाराशिव)

हेच बोकडाच्या चापांना चालेल का, असं विचारणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. चालेल, पण वेळ अर्धा. कोवळ्या बोकडाची चाप पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर १० ते १२ मिनिटं, जून असेल तर १८. हाडं पातळ असतात, जास्त शिजलं की हाड एकीकडं, मांस एकीकडं. गोड सॉस बोकडाला शोभत नाही. काळा मसाला, मीठ, लिंबू, थोडं तेल, एवढ्यावर भाजा. आणि गरमच वाढा, बोकडाची चरबी निवली की टाळूला चिकटते.

रिब्सबरोबर पाव आणताय की भाकरी करताय? ज्वारीची कडक भाकरी आणि कच्चा कांदा या गोड सॉसला फार बरा लागतो.

---

गोदाकाठ (परभणी)

भाकरीच.

शेवटचं विचारतो. १२ माणसं आहेत, ४ किलो लागतील. कोल्ड स्टोरेजचं तेवढं मिळणार नाही, अर्धं गावठी घ्यावं लागेल. आदल्या दिवशी कुकर करून ठेवलं तर चालेल का? आणि शिजलं की नाही हे उघडल्यावर कसं ओळखायचं?

---

जर्मनचं_भगुलं (नांदेड)

गावठी आणि पाकिटातलं एका कुकरात लावू नका. एक विरघळेल तोवर दुसरं चिवटच राहील. ५ लिटरचा कुकर असेल तर चार घाणे धरा, प्रत्येक घाण्याला एकंदर तासभर. पहिल्या घाण्याचं पाणी दुसऱ्याला वापरलं तर चालतं, पण मग दुसऱ्या मांसाला मीठ एक लहान चमचा कमी लावा.

खाटकाला आधीच सांगून ठेवा की पट्टी अख्खी हवी. न सांगता गेलं की सत्तूरनं आडवे तुकडे करून देतात. हाडाच्या कपच्या मांसात घुसतात आणि दाताखाली येतात. गावठी मांसाला भाजलेली कातडी असली तर तिची काजळी सुरीच्या पाठीनं खरवडून काढा. घेताना मांस उघडून बघा. तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या पांढऱ्या पुटकुळ्या दिसल्या तर तिथंच परत करा, ती फीतकृमीची पुटी असते. कुकरात ती मरते, त्याची भीती नाही. पण कच्चं मांस कापलेली सुरी आणि पाट न धुता त्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये. आणि भाजताना कच्चं-पक्कं एकाच चिमट्यानं उचलू नये.

आदल्या दिवशी करणं उलट सोयीचंच. थंड तुकडे घट्ट होतात, जाळीवर तुटत नाहीत. उघडल्यावर पसरट भगुल्यात त्यांच्याच पाण्यासकट काढा, भगुलं गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात आपल्याकडं ओट्यावर रात्रभर ठेवायचं नावच नको. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं.

---

शेगडी_चिमटा (छत्रपती संभाजीनगर)

शिजलं का, ते असं बघा. हाडाची टोकं मांसातून करंगळीच्या अर्ध्या रुंदीएवढी उघडी पडली पाहिजेत. मधलं हाड चिमट्यानं हलकं पिरगाळा. फिरलं पण निघालं नाही, तर भाजायला बरोबर. अजिबात फिरेना तर कच्चं आहे, १०० मिली गरम पाणी घालून पुन्हा दाबावर ८ मिनिटं. एकदा उघडलं म्हणून बिघडत नाही.

हाड हातात सुटून आलं आणि मांसाचे दोरे पडायला लागले तर जास्त झालं. ते जाळीवर ठेवू नका, गळून निखाऱ्यात जाईल. हाडं काढून टाका, मांस काट्यानं उसवा, तापल्या तव्यावर सॉसमध्ये कोरडं होईपर्यंत परता आणि भाकरीवर वाढा. जास्त शिजलेलं कोरडं का लागतं, हा पुढचा प्रश्न असेल. कोलॅजन विरघळल्यावरही तंतू आवळत राहतात आणि त्यांच्यातलं पाणी पिळून निघतं. म्हणून 'जास्त वेळ म्हणजे जास्त मऊ' हे पंचवीस मिनिटांपर्यंतच खरं. पाकिटातल्या मांसाला पस्तीस मिनिटं लावली की मऊ असूनही चघळताना भुसा लागतो.

गावठीचा पहिला घाणा ३० मिनिटांनी उघडून एक हाड पिरगाळून बघा आणि बाकीच्या घाण्यांची वेळ त्यावरून ठरवा. जनावराचं वय खाटीक सांगेल तेवढंच खरं असतं असं नाही.

---

लसूणपाकळी (लातूर)

चार किलोला सॉस तिप्पट करा, चौपट नको, उरतो. आणि वाढायला घ्यायचा सॉस आधीच वेगळा काढा. ब्रश बुडवलेल्या वाटीतला पाहुण्यांच्या ताटात नको.